भरती, जिना आणि मांजरीची पेटी: कळव्यातल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

या घराने निघायला हवं होतं पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेसातला. ओहोटी लागली होती, आवारातलं पाणी पोटरीपर्यंत उतरलं होतं, थोडा उजेडही शिल्लक होता. प्रत्यक्षात ते निघाले दुसऱ्या दिवशी दुपारी, भर भरतीत, रबरी बोटीतून आणि दोन मांजरं मागे ठेवून. हे अठरा तास कशात गेले आणि त्यानंतर काय काय झालं, ते इथे सविस्तर मांडलं आहे.

हे प्रकरण कोणा एका कुटुंबाचं जसंच्या तसं नाही. ठाण्याच्या खाडीकाठच्या कळवा, खारेगाव, विटावा, दिवा या पट्ट्यात पावसाळ्यात जे जे घडतं, ते एका चारमजली इमारतीत आणि मुख्यतः एका घराभोवती आणून बांधलं आहे. असं बांधण्याचं कारण आहे. पाळीव जनावरांचा प्रश्न सुटा पाहिला की हौसेचा वाटतो. तोच प्रश्न चार माणसांच्या घरात, बंद पडलेल्या पंपासह आणि चढत्या पाण्यासह पाहिला की माणसांच्या जिवाचा होतो. माझं म्हणणं एवढंच आहे: संकटात घरातली माणसं कधी निघतील, निघतील की नाही आणि निघाल्यावर परत आत शिरतील का, हे पुष्कळदा घरातलं जनावर ठरवतं. म्हणून त्याची सोय भूतदयेच्या खात्यात टाकून चालत नाही. ती सुटकेच्या आराखड्यातच हवी.

घर आणि जागा

इमारत तीसेक वर्षांची, तळमजला अधिक चार मजले, लिफ्ट नाही. मीटरची खोली आणि पाण्याचा पंप तळमजल्यावर. मागे नाला, आणि नाल्याचं तोंड खाडीकडे. पहिल्या मजल्यावर आजी, आई, बाबा आणि कॉलेजात जाणारा मुलगा. शेरू नावाचा बावीस किलोचा गावठी कुत्रा, गुंड्या नावाचा बोका आणि साखर नावाची, ऑपरेशन झालेली, चांगली गुबगुबीत मांजर. त्यांच्या बरोबर खाली एकट्या राहणाऱ्या काकू, त्यांच्याकडे लव्हबर्ड्‌सचा पिंजरा. दुसऱ्या मजल्यावर आजोबा, त्यांची गोल्डफिशची टाकी आणि एक पोपट.

पाणी इथे दोन बाजूंनी येतं. वरून पाऊस आणि समोरून खाडी. भरती मोठी असली की नाल्याचं पाणी खाडीत उतरत नाही, ते उलटं आवारात येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हा आकडा सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच दुपारी समुद्राला ४.४८ मीटरची भरती होती हे कमी जणांच्या लक्षात राहतं. खाडीकाठच्या माणसाने पावसाइतकंच भरतीकडे बघायला हवं. कोळीवाड्यातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुढे सव्वासहा तासांनी ओहोटी, पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती. खाडीत आत पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो. महापालिकाही पावसाळ्याआधी मोठ्या भरत्यांच्या तारखा जाहीर करते.

या प्रकरणातला पहिला दिवस आषाढी अमावास्येनंतरच्या द्वितीयेचा. म्हणजे दुपारी दीड-दोनला भरती, रात्री आठच्या सुमाराला ओहोटी, मध्यरात्रीनंतर दोनला पुन्हा भरती. निघण्याची वेळ कॅलेंडरवर लिहिलेलीच होती म्हणायला हरकत नाही.

पहिला दिवस

सकाळपासून पाऊस. दुपारी एकला आवारात गुडघाभर, दोनला काकूंच्या घरात घोटाभर पाणी. मीटरखोली भिजायच्या आत वीज बंद केली गेली, ते बरोबरच झालं. पण वीज गेली तसा पंपही गेला, आणि गच्चीवरच्या टाकीत उरेल तेवढंच पाणी उरलं. काकू पिंजरा डोक्यावर घेऊन वर आल्या. त्यांना कुत्र्याची भीती, म्हणून शेरूला स्वयंपाकघरात बांधलं. ढग गडगडले की तो भुंके, भुंकला की लव्हबर्ड्‌स पिंजऱ्यात आपटत, आणि या सगळ्या गोंधळात दोन्ही मांजरं हॉलमधल्या दिवाणाखाली शिरली ती शिरलीच.

सातच्या सुमाराला पाणी उतरू लागलं. सेक्रेटरी काका प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगून आले की उंचावरची महापालिकेची शाळा उघडली आहे, ज्यांना जमेल त्यांनी आत्ताच निघा. अर्धी इमारत निघाली. हे घर निघालं नाही. त्याची कारणं नीट बघण्यासारखी आहेत, कारण त्यांतलं एकही मूर्खपणाचं नव्हतं.

पहिलं म्हणजे शाळेत कुत्र्याला घेणार नाहीत असं कोणीतरी म्हणालं, आणि ते खरं की खोटं हे कोणाला विचारायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दुसरं, मांजरांची पेटी माळ्यावर होती, गणपतीच्या मखराच्या मागे. मुलाने ती काढली तोवर वीस मिनिटं गेली. आणि पेटी दिसताच मांजरं दिवाणाच्या पार कोपऱ्यात गेली, कारण त्यांच्या आठवणीत ती पेटी म्हणजे इंजेक्शन. दिवाण सामानाने भरलेला, हलत नव्हता. तिसरं कारण आजीने बोलून दाखवलं, “रात्रीची रात्र काढू, सकाळी बघू.” पाणी उतरताना दिसत होतं, त्यामुळे हे सगळ्यांना पटलं. पाणी उतरत होतं ते ओहोटीमुळे, पाऊस थांबल्यामुळे नव्हे.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची वीस मिनिटं हीच. मांजर धरायचं ते निघताना नव्हे. आवारात पहिलं पाणी दिसलं त्याच क्षणी दोन्ही मांजरांना उचलून बाथरूममध्ये घालायचं आणि दार लावायचं. बाथरूममध्ये लपायला जागा नसते, तिथून मांजर दोन मिनिटांत पेटीत जातं. पेटी नसेल तर उशीच्या जाड अभ्र्यात घालून तोंड बांधायचं. थोड्या वेळासाठी ते चालतं, अभ्र्यातून हवा जाते. आणि पेटीची भीती घालवायची तर ती वर्षभर हॉलमध्ये उघडी ठेवायची, अधूनमधून खाणं तिच्यातच द्यायचं. महिनाभरात मांजर आपणहून तिच्यात झोपतं. माळ्यावरची पेटी कामाची नाही.

पाणी, खाणं आणि शेरूची अडचण

रात्री जेवताना बाबा आणि काकू यांच्यात पाण्यावरून थोडी बोलाचाली झाली. घरात पिण्याचं पाणी म्हणजे वीस लिटरचा एक जार आणि एक कळशी. “माणसांना पुरेल की नाही ठाऊक नाही, आणि त्यात ही जनावरं,” असं काकू म्हणाल्या. हे वाक्य अशा वेळी प्रत्येक घरात कोणी ना कोणी म्हणतंच, म्हणून हिशेबच मांडतो.

कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण पन्नास ते साठ मिलिलिटर पाणी लागतं. बावीस किलोच्या शेरूला सव्वा लिटर धरा. चार-पाच किलोच्या मांजराला पाव लिटर, आणि खाणं ओलं असेल तर त्याहून कमी. म्हणजे तिन्ही मिळून पावणेदोन लिटर. पाच माणसांना दिवसाला तीन लिटरप्रमाणे पंधरा. जनावरांचा वाटा माणसांच्या वाट्याच्या आठव्या हिश्शाच्या आसपास. टंचाई जनावरांमुळे नव्हती. ती पंप तळमजल्यावर असल्यामुळे होती, आणि वीज जाण्याआधी बादल्या भरून घेण्याचं कोणालाच सुचलं नव्हतं. ज्या घरात जनावर आहे त्याने जूनपासून दोन लिटरच्या चार बाटल्या जास्तीच्या भरून ठेवल्या, तर हे भांडण उद्भवतच नाही.

खाण्याची परिस्थिती बरी होती. सिलिंडर होता, तांदूळ, डाळ, अंडी होती. शेरूला भात आणि उकडलेली अंडी दिली. आईने फोडणीच्या आधी त्याचं काढून ठेवलं, हे उत्तम केलं, कारण कांदा आणि लसूण कुत्र्यामांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिबिरातल्या खिचडीत कांदा असतोच, तो पुढे शाळेत प्रश्न झाला. मांजरांचं पोट डाळभातावर भरत नाही. त्यांना टॉरिन नावाचं द्रव्य मांसमच्छीतूनच मिळवावं लागतं. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, भरून ठेवलेली सुकट घरात होती. ती दोन पाण्यांतून भिजवून, मीठ उतरवून, उकडून दिली तर अडीअडचणीला दोन-चार दिवस छान निभतं. मात्र दिवाणाखालून कोणीच बाहेर आलं नाही. घाबरलेलं मांजर खात नाही, आणि हे न खाणं पुढे फार महागात पडलं.

खरी अडचण शेरूची झाली. नीट सवय लावलेला कुत्रा घरात घाण करत नाही, आणि खाली तर पाणी. दुपारपासून रात्री अकरापर्यंत त्याने लघवी केली नाही. दाराशी जाऊन कण्हत राहिला. उपाय होता गच्ची. पण गच्चीला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरी काकांबरोबर शाळेत. शेवटी मुलाने दोन कुंड्यांतली माती जिन्याच्या वरच्या वळणावर ओतली आणि त्याला तिथे नेलं. मातीचा वास आल्यावर तो मोकळा झाला. मांजरांसाठीही हाच उपाय, तसराळ्यात कुंडीची माती किंवा फाडलेलं वर्तमानपत्र. गच्चीच्या किल्लीचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण पुराच्या इमारतीत गच्ची ही माणसांचीही शेवटची जागा असते.

त्याच वळणावर आवारातले तीन भटके कुत्रेही येऊन बसले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पाणी चढलं तसे ते जिना चढले. शेरूची आणि त्यांची एरवी खालच्या फाटकाशी मारामारी ठरलेली. त्या रात्री एकानेही दात दाखवले नाहीत. तरी मुलाने पट्टा आखूड धरला आणि मधे उभा राहिला, तेच योग्य. घाबरलेल्या कुत्र्यांच्या शांतपणावर विसंबू नये.

मध्यरात्र

दोनला पुन्हा भरती आली आणि पाणी तळमजल्याच्या खिडकीच्या चौकटीला टेकलं. डास सुटले होते, पंखा बंद. काकूंनी हॉलमध्ये कॉइल लावली. अर्ध्या तासात लव्हबर्ड्‌स चोच उघडी ठेवून श्वास घेऊ लागले, प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली. पक्ष्यांची श्वसनाची रचना वेगळी असते. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांमुळे धूर त्यांना माणसापेक्षा कितीतरी लवकर मारतो. आजीने ओळखलं आणि पिंजरा स्वयंपाकघराच्या गॅलरीत नेऊन आडोशाला ठेवला. कॉइल, उदबत्ती, कापूर, मेणबत्त्यांचा धूर, यांपैकी काहीच पिंजऱ्याच्या खोलीत नको. एवढे छोटे पक्षी एक दिवसही उपाशी राहू शकत नाहीत. काकूंनी राळ्याची पिशवी बरोबर आणली होती म्हणून ते तगले.

वर आजोबा जागेच होते. टाकीचा पंप बंद, म्हणून दर थोड्या वेळाने तांब्याने टाकीतलंच पाणी उचलून हातभर उंचीवरून परत सोडत होते. पाण्यात हवा मिसळण्याचा यापेक्षा सोपा मार्ग नाही. माशांना खाणं त्यांनी पूर्ण बंद केलं होतं. गोल्डफिशला आठवडाभर उपास सोसतो, कुजलेल्या खाण्याने बिघडलेलं पाणी सोसत नाही.

दहा मिनिटं

दुसऱ्या दिवशी सकाळची ओहोटी आली, पण पावसाचा जोर इतका की पाणी कमरेखाली उतरलंच नाही. अकराला मागची कंपाउंडची भिंत नाल्यात पडली. साडेअकराला तळमजल्याच्या एका खांबाला उभी, बोट जाईल एवढी भेग दिसली. ठाण्यात ज्याने ४ एप्रिल २०१३ ची मुंब्र्याजवळ शीळफाट्याला इमारत कोसळल्याची दुर्घटना ऐकली आहे, चौऱ्याहत्तर माणसं गेली ती, तो अशा भेगेकडे बघत बसत नाही. फोन गेले, आणि एकच्या सुमाराला बचावपथक बोट घेऊन आलं.

पथकातल्या तरुणाने दारात उभं राहून सांगितलं, “काकू, दहा मिनिटं. फक्त माणसं आणि औषधं.”

आई म्हणाली, “कुत्र्याला घेतल्याशिवाय हा पोरगा उतरणार नाही. आणि याच्याशिवाय मी उतरणार नाही.”

त्या तरुणाचा नकार मला चुकीचा वाटत नाही. रबरी बोट, आत आठ माणसं, त्यांत एक म्हातारी. कुत्रा बिथरला, नखं लागली, बोट कलंडली तर सगळेच पाण्यात. तिथे भूतदयेचं भाषण कामाला येत नाही. कामाला आला तो शेरू स्वतः. मुलाने छातीचा पट्टा आधीच चढवला होता. आईने ओढणी घेतली, त्याच्या तोंडाभोवती एक वेढा, हनुवटीखाली अढी, आणि टोकं कानांमागे नेऊन गाठ. हे बांधणं थोड्या वेळापुरतंच, कारण तोंड बांधलेल्या कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत आणि कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापांतून बाहेर टाकतो. बाबांनी गोधडी आणली आणि पुढचे मागचे पाय झाकून त्याला गुंडाळलं. नखांचा प्रश्न मिटला. “बस,” म्हटल्यावर तो जिन्याच्या पायरीवर बसला. त्या तरुणाने एकदा कुत्र्याकडे, एकदा आईकडे बघितलं आणि म्हणाला, “मधे ठेवा. कडेला नको.”

पिंजराही गेला, वर चादर टाकून. पोपट आजोबांनी पिशवीत लपवून नेला, त्यावर पुढे लिहितो. मांजरं मात्र राहिली. दहा मिनिटांत दिवाण रिकामा होत नाही.

निघताना आईने एक काम अगदी अचूक केलं. आतली सगळी दारं उघडी ठेवली, बाथरूममधली अर्धी भरलेली बादली दाराशी ओढली, सुकटीचं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि बाहेरच्या दाराला खडूने लिहिलं: “आत दोन मांजरं आहेत.” जनावर सोबत नेणं खरोखरच अशक्य झालं तर करण्यासारखं एवढंच असतं. मोकळं ठेवायचं, उंच जागा गाठता येईल असं बघायचं, दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवायचं आणि दारावर लिहायचं. बांधून किंवा पिंजऱ्यात ठेवून जायचं नाही, कधीही नाही. साखळीला बांधलेला कुत्रा गुडघाभर पाण्यातही बुडतो. जनावराला उपासमारीच्या तोंडी टाकून जाणं १९६० च्या प्राण्यांच्या छळप्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हाही आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. असल्या दंडाच्या भीतीने कोणी मागे वळत नाही, माणसं वळतात ती मायेने.

शाळेत

शाळेच्या वर्गात पंचवीसेक माणसं. शेरू दारात दिसताच दोन लहान मुलं रडायला लागली, आणि एका बाईंनी सरळ सांगितलं, “आम्ही इथे झोपणार, इथे कुत्रा नको.” त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. लहान मुलं, दम्याची माणसं, नमाजाची आणि पूजेची जागा, ज्यांनी आयुष्यात कधी कुत्र्याला हात लावला नाही अशी माणसं, सगळी एका खोलीत आहेत. त्यांच्यावर जनावर लादायचं नाही. पण “नको” म्हणून फाटकाबाहेरही काढायचं नाही, कारण मग त्याच्यामागे एक माणूस पावसात बाहेर जातो.

अमेरिकेत हे धडे २००५ च्या कतरिना वादळात शिकले गेले. जनावरांना बंदी असल्यामुळे कित्येक माणसं पाणी चढत असतानाही घर सोडायला तयार झाली नाहीत. पुढच्याच वर्षी, २००६ ला, तिथे कायदा झाला की आपत्तीच्या आराखड्यात पाळीव जनावरांची सोय धरलेली असायला हवी. आपल्याकडे २०१८ च्या केरळच्या पुरात त्रिशूरकडच्या एका बाईंनी आपल्या पंचवीस कुत्र्यांना सोडून यायला नकार दिला होता, त्यांना कुत्र्यांसकट काढावं लागलं. म्हणजे हा स्वभाव काही परदेशी नाही.

इथे तोडगा निघाला तो एका प्लास्टिकच्या पिशवीमुळे. आईने शेरूचं लसीकरणाचं पुस्तक आधार कार्डांबरोबर ठेवलं होतं. रेबीजची लस चालू वर्षातली, आणि लेप्टोसह (लेप्टोस्पायरोसिस या तापावरच्या लसीसह) असलेली एकत्रित लस मे महिन्यातली. शाळेतल्या आरोग्यसेविकेने ते पाहिलं, त्या बाईंना दाखवलं आणि जिन्याखालची कोरडी जागा शेरूला दिली. लेप्टोची लस पावसाळ्याच्या तोंडावर द्यायला हवी, हे ठाण्यातल्या कुत्रेवाल्यांना पुन्हा पुन्हा सांगायची गरज आहे. उंदरांच्या मुतातून हा जंतू साचलेल्या पाण्यात येतो, कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून घरातल्या माणसालाही होऊ शकतो. लसीचा जोर साधारण वर्षभरच टिकतो. पाण्यातून आलेल्या कुत्र्याला साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, आणि धुणाऱ्याच्या हाताला जखम असेल तर हातात पिशवी घालायची.

पोपटाचं थोडक्यात. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि म्हणूनच आजोबा तो लपवत होते. लपवलेल्या पक्ष्याला हवा मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत तो मान टाकून बसला, मग आरोग्यसेविकेने पिशवी उघडायला लावली. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात असलेला पोपट पावसात सोडून देणं म्हणजे त्याला मारणंच. वनखात्याशी बोलून तो सुपूर्द करणं हेच खरं, आणि ते कोरड्या दिवसांत करायचं असतं.

परत गेलेला मुलगा

संध्याकाळी साडेआठला, ओहोटीत, कोणाला न सांगता मुलगा शाळेतून निघाला. मोबाइलचा उजेड, मांडीपर्यंत पाणी, उघडी गटारं, आणि भेग पडलेला खांब असलेली इमारत. गुंड्या त्याच्या हाकेला दिवाणाखालून बाहेर आला. साखर आली नाही. अभ्र्यात घातलेला बोका जिन्यात बिथरला आणि कापडातून मुलाच्या हाताला खोल चावला. वेदनेने पाय घसरला, तो दोन पायऱ्या खाली पाण्यात पडला, नडगी फुटली. अभ्रा त्याने सोडला नाही.

या मुलाला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाने जनावर मागे ठेवलं आहे आणि ते तीनशे मीटरवर आहे, तर तो जाणारच. हे आधीच धरून चालायला हवं होतं. आईने खरं तर दुपारी जिन्यातच ते सांगितलं होतं. शिबिराच्या वहीत माणसांच्या नावापुढे “मागे जनावर राहिलं आहे का?” असा एक रकाना असता, तर त्या मुलावर कोणाचं तरी लक्ष राहिलं असतं, आणि पथकाच्या पुढच्या फेरीला दिवाण हलवायला दोन माणसं गेली असती.

हात साबणाने पंधरा मिनिटं धुतला. बोक्याला रेबीजची लस होती, तरी मुलाला दवाखान्यात नेलं. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात आणि वरची भोकं लगेच मिटतात, म्हणून हाताच्या सांध्याजवळचा चावा एका रात्रीत सुजतो. प्रतिजैविक लागलंच. जखम घेऊन पुराच्या पाण्यात चालल्यामुळे लेप्टोचं प्रतिबंधक औषध डॉक्टरांनी दिलं आणि पुढचे पंधरा-वीस दिवस ताप आला तर लगेच या असं सांगितलं. रात्री मुलाच्या अंगदुखीवर दिलेल्या पॅरासिटामॉलची उरलेली गोळी आजी गुंड्यालाही अर्धी द्यायला निघाली होती. तो थरथरत होता म्हणून. आरोग्यसेविकेने हात धरला. एवढी गोळी मांजराला मारायला पुरते.

साखर

अभियंत्याने पाहणी करून, खांबाला टेकू दिल्यावर, पाचव्या दिवशी एकेका घराला सामान काढायला थोडा वेळ आत सोडलं. साखर दिवाणाखाली जिवंत होती. बादलीतलं पाणी कमी झालेलं होतं, सुकट तशीच. हिरड्या आणि कानांचा आतला भाग पिवळा.

मांजर उपाशी राहिलं, आणि विशेषतः लठ्ठ मांजर, की शरीर चरबी मोडून यकृताकडे पाठवतं. मांजराच्या यकृताला ती पेलत नाही, ती तिथेच साठते. काही दिवसांच्या उपासात हे सुरू होतं आणि मग मांजराला खाण्याची इच्छाच उरत नाही. कुत्रा आठवडाभराचा उपास काढून पुन्हा जेवायला बसतो, मांजराचं तसं नाही. म्हणून पुराच्या घरात आधी कोणाच्या खाण्याकडे बघायचं, याचं उत्तर मोठ्या आवाजात मागणारा कुत्रा हे नाही. कोपऱ्यात गप्प बसलेल्या मांजराकडे आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याकडे आधी बघायचं.

साखरच्या मानेतून अन्ननळीत नळी घालून तिला कित्येक आठवडे पातळ खाणं द्यावं लागलं. दर चार तासांनी, आणि तेही नातेवाइकांच्या डोंबिवलीच्या एका खोलीत राहून. ती वाचली. मासेही बहुतेक वाचले.

सोसायटीने पुढे काय केलं

दुरुस्ती होऊन लोक परतल्यावर पहिल्या सभेत वादच झाला. ज्यांच्याकडे जनावरं नाहीत त्यांनी विचारलं, आमच्या वर्गणीतून हे कशाला? त्याला काकूंनी उत्तर दिलं, ज्यांना अजूनही कुत्र्याची भीती वाटते त्याच काकूंनी: “त्या पोराच्या जागी कोणी बुडालं असतं, तर वर्गणी कशाची काढली असती?”

ठरलं ते असं. आपत्तीच्या यादीत प्रत्येक घरापुढे माणसांबरोबर जनावरं, त्यांचं वजन आणि लसीची तारीख. गच्चीच्या किल्ल्या प्रत्येक मजल्यावर एक. जून ते सप्टेंबर साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांच्या वेळा फाटकाशी फळ्यावर, आणि त्या दिवशी पाऊस लागला तर ओहोटीच्या आधी एक तास निरोप: मांजरं बाथरूममध्ये, पेट्या दाराशी, कुत्र्यांना छातीचे पट्टे. दर मे महिन्यात एक रविवार सगळ्या कुत्र्यांना गोधडीत गुंडाळून जिन्यातून खाली आणायची तालीम. पंप वर उचलण्याचा खर्च मात्र पुढच्या वर्षावर गेला, ते मला पटलेलं नाही.

शाळेशी लेखी बोलणं झालं. मुख्याध्यापिका बाईंनी आधी सायकल स्टँड देऊ केला, पण तो सखल भागात आहे. मग वरच्या मजल्यावरचा चित्रकलेचा वर्ग द्यायचं कबूल केलं. त्याला वेगळा जिना आहे आणि फरशी धुता येते. अट एवढीच की लसीचं पुस्तक, पट्टा किंवा पेटी आणि जनावराजवळ सतत एक मोठं माणूस हवं.

आवारातल्या तीन कुत्र्यांचं काय करायचं यावर एकमत झालं नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार त्यांच्या खाण्याची व्यवस्था रहिवाशांच्या संस्थेवरच येते, हे सेक्रेटरी काकांनी वाचून दाखवलं. जिना त्यांना मोकळा ठेवायचा की नाही हा ठराव पुढच्या सभेवर ढकलला आहे. तोवर त्यांना रेबीजची लस टोचून घेण्याचा खर्च पहिल्या मजल्याने उचलला.